जोडीदाराने आपल्या नावावर परस्पर कर्ज काढले असेल तर : भारतीय कायद्यातील मार्ग

विवाह झाला म्हणून एका जोडीदाराची सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला मिळत नाही. हे इतके उघड आहे की लिहून दाखवण्याचीही गरज वाटू नये. तरीही जोडीदाराने परस्पर काढलेले कर्ज नावावर निघते, तेव्हा बँकेच्या वसुली विभागासमोर, पोलीस ठाण्यात आणि पुढे न्यायालयात नेमके हेच पटवून देण्यात बहुतेक शक्ती खर्च होते, कारण समोरच्या प्रत्येकाच्या मनात एकच शंका असते : एका घरात राहून तुम्हाला हे माहीत नव्हते कसे? पुढे सांगितलेल्या जवळपास प्रत्येक पावलाचा हेतू या शंकेला वेळेवर आणि लेखी उत्तर तयार ठेवणे हाच आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे इथे वाद एक नसून दोन आहेत. पहिला वाद तुमचा आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचा असतो, आणि त्यात ‘हे कर्ज माझे नाही’ एवढेच सिद्ध करायचे असते. दुसरा वाद तुमचा आणि जोडीदाराचा असतो, आणि त्यात झालेल्या नुकसानीची व गुन्ह्याची जबाबदारी कोणाची हा प्रश्न येतो. जोडीदाराने घरात चूक कबूल केली आणि हप्ते आपण फेडू असा शब्द दिला, तरी पहिला वाद मिटत नाही, कारण बँकेच्या दप्तरी कर्जदार म्हणून नाव तुमचेच राहते.

आधी प्रकार ओळखावा

‘परस्पर कर्ज काढले’ या शब्दांखाली निरनिराळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा कायदेशीर निकाल वेगळा लागतो. सर्वांत स्पष्ट प्रकार खोट्या सहीचा. अर्जावर किंवा करारावर सही तुमची नसेल, तर तुमच्यापुरता करार मुळात अस्तित्वातच येत नाही आणि तो रद्द करून घेण्याचाही प्रश्न उरत नाही. मोबाइलवरून घेतलेल्या तत्काळ कर्जांचे मात्र तसे नसते. तिथे ओटीपी हीच सही असते, आणि तो ओटीपी तुमच्याच क्रमांकावर आलेला असतो. फोन जोडीदाराने हाताळला हे तत्त्वतः खोट्या सहीइतकेच गंभीर असले, तरी सिद्ध करायला अवघड आहे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये जे परिपत्रक काढले, त्यानुसार ग्राहकाने पिन किंवा पासवर्ड स्वतःच दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाने सोसायचे आणि कळवल्यानंतरचे बँकेने. घरोघरी पती-पत्नी एकमेकांचे पिन जाणतात, हे इथे आठवावे.

तिसरा प्रकार सर्वांत गुंतागुंतीचा आहे : सही तुमचीच आहे, पण ती खोटे सांगून किंवा दबाव आणून घेतलेली आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे जबरदस्तीने किंवा फसवणुकीने मिळवलेली संमती करार रद्द करण्यायोग्य ठरवते, हे खरे. पण कलम १७ मधील फसवणूक ही कराराच्या दुसऱ्या पक्षाने, त्याच्या संगनमताने किंवा त्याच्या प्रतिनिधीने केलेली असावी लागते. फसवले जोडीदाराने आणि बँकेला त्याचा पत्ताही नव्हता, अशा वेळी बँकेविरुद्ध हा बचाव लंगडा पडतो. मग बँकेच्या अधिकाऱ्याने तुम्हाला समोर बोलावून करार समजावून सांगितला होता का, तुम्ही त्या दिवशी तिथे हजर तरी होता का, अशा तपशिलांवर भर द्यावा लागतो. धमकी देऊन किंवा मारहाण करून सही घेतली असेल तर परिस्थिती थोडी बरी असते, कारण जबरदस्ती कोणीही केलेली चालते, ती कराराच्या पक्षानेच करायला हवी असे नाही.

आणि जर तुम्ही समजून उमजून सहकर्जदार किंवा जामीनदार झाला असाल आणि जोडीदाराने पैसे भलतीकडे उडवले असतील, तर बँकेपुरती ती फसवणूक नव्हे. सहकर्जदाराकडून बँक संपूर्ण रक्कम मागू शकते, आणि जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पुरवणी क्रेडिट कार्डावरचा खर्चही मूळ कार्डधारकाच्याच माथी येतो. जोडीदाराला कधीकाळी कुलमुखत्यारपत्र लिहून दिले असेल, तर ते आधी काढून वाचावे. त्यात कर्ज उचलण्याचा अधिकार दिलेला असेल तर खोट्या सहीचा मुद्दाच उरत नाही.

पहिले काही दिवस

ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार संस्था भारतात क्रेडिट माहिती ठेवतात, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही अहवाल एकाच दिवशी काढावेत. खात्यांची यादी सगळेच पाहतात, पण त्याखालची चौकशांची यादी अधिक बारकाईने वाचावी, कारण मंजूर न झालेले अर्जही तिथे तारखेसह दिसतात आणि त्यातून जोडीदाराने केव्हापासून प्रयत्न चालवले होते ते कळते. अहवालातले पत्ते आणि मोबाइल क्रमांकही तपासावेत. आपला नसलेला क्रमांक तिथे नोंदलेला असेल, तर तो पुढे चांगला पुरावा होतो.

ज्या दिवशी हे कळले तो दिवस लिहून ठेवावा आणि कसे कळले तेही लिहावे. बनावट दस्तऐवज रद्द करून घेण्याच्या दाव्याला मुदत अधिनियम, १९६३ नुसार तीन वर्षांची मुदत असते आणि ती वस्तुस्थिती प्रथम कळल्यापासून मोजली जाते. उशिरा केलेल्या तक्रारीवर पोलीस आणि बँक दोघेही बोट ठेवतात, ते वेगळेच.

त्याच दिवशी नेट बँकिंग, ईमेल आणि फोनचे पासवर्ड बदलावेत, बँकेकडे नोंदलेला मोबाइल क्रमांक आपल्याच ताब्यात आहे याची खात्री करावी आणि आधारची बायोमेट्रिक माहिती लॉक करावी. आधारचा वापर कुठे कुठे पडताळणीसाठी झाला याचा इतिहास आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. मात्र तो अलीकडच्या काही महिन्यांचाच दिसत असल्यामुळे त्याची प्रत लगेच उतरवून घ्यावी. आपल्या नावावर किती सिम कार्डे आहेत हे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून कळते, आणि अनोळखी क्रमांक तिथूनच बंद करायला सांगता येतो.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना : घाबरून हप्ता भरू नये. क्रेडिट गुणांक घसरू नये म्हणून ‘एक-दोन हप्ते भरून टाकू, मग बघू’ असा विचार अनेक जण करतात आणि तिथेच प्रकरण हातचे जाते. करार अधिनियमाच्या कलम १९६ आणि १९७ नुसार आपल्या वतीने अधिकाराशिवाय केलेले कृत्य माणूस मागाहून मान्य करू शकतो, आणि ही मान्यता शब्दांतूनच नव्हे तर नुसत्या वागण्यातूनही दिसू शकते. पूर्ण माहिती असताना भरलेला हप्ता, कर्जाच्या पुनर्रचनेच्या अर्जावर केलेली सही, किंवा वसुली प्रतिनिधीला पाठवलेला ‘पुढच्या महिन्यात भरते’ असा साधा संदेश, या सगळ्यांचा आधार घेऊन बँक ‘तुम्ही कर्ज मान्य केले’ असे म्हणू शकते. घर लिलावात निघण्यासारखी वेळ आल्यामुळे पैसे भरणे भागच असेल, तर हे कर्ज आपल्याला मान्य नाही आणि सर्व हक्क राखून रक्कम भरत आहोत, असे पत्र आधी द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मोडला गेल्यास फोनच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

कर्ज देणाऱ्या संस्थेशी पत्रव्यवहार

पत्र शाखेला नव्हे तर संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे, ईमेलने पाठवावे आणि शिवाय पोचपावतीसह टपालाने पाठवावे. पत्र छोटे असावे. संसारातली भांडणे त्यात आणू नयेत, कारण तसे केल्यास हा ‘घरगुती वाद’ आहे असे म्हणून संस्था हात झटकते. आपण अर्ज केलेला नाही, सही किंवा ओटीपी आपला नाही, रक्कम आपल्याला मिळालेली नाही आणि खाते वादग्रस्त म्हणून नोंदवावे, एवढेच चार-पाच वाक्यांत लिहावे. त्यानंतर मात्र मागण्या सविस्तर कराव्यात : अर्जाची आणि कराराची प्रत, ओळखपत्रे, छायाचित्र, व्हिडिओद्वारे ओळख पडताळली असल्यास ते चित्रण, अर्ज ज्या उपकरणावरून आणि ज्या आयपी पत्त्यावरून आला त्याची नोंद, आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील.

या शेवटच्या तपशिलाचे वजन फार आहे. सहीबद्दल तज्ज्ञांचे मतभेद होतात, ओटीपीबद्दल युक्तिवाद चालू राहतात, पण पैसे जोडीदाराच्या खात्यात गेले असतील तर बँकेच्या स्वतःच्या कागदातच उत्तर मिळते. रक्कम तुमच्या खात्यात येऊन काही मिनिटांत जोडीदाराकडे वळवली गेली असेल, तर त्या खात्याचा उतारा आणि त्या वेळी तुम्ही कामावर किंवा प्रवासात असल्याचा पुरावा एकत्र ठेवावा.

क्रेडिट माहिती संस्थेकडे वेगळी तक्रार नोंदवावी लागते. तिचे निवारण ३० दिवसांत व्हायला हवे, आणि न झाल्यास एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. मात्र अहवालातली नोंद कर्ज देणाऱ्या संस्थेच्या संमतीशिवाय सहसा बदलली जात नाही, त्यामुळे खरी लढाई तिच्याशीच असते. संस्थेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पण साक्षीपुरावे तपासून सही खरी की खोटी हे ठरवणे लोकपालाच्या कक्षेत बसत नाही. संस्थेने पडताळणीचे नियम पाळले नाहीत, चित्रण जपले नाही, पत्राला उत्तर दिले नाही, अशा त्रुटींवर तक्रार बेतली तर ती टिकते. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते आणि बनावटीचा प्रश्न फार किचकट दिसला तर आयोगही दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवतो.

पोलिसांत तक्रार करावी का

हा प्रश्न कायद्यापेक्षा मनाला अधिक छळतो, म्हणून त्याचे परिणाम आधी माहीत असलेले बरे. तक्रार केली नाही, तर बँक म्हणते की गुन्हा घडला असता तर तुम्ही पोलिसांकडे गेला असता. आणि तक्रार केली, तर ती हवी तेव्हा मागे घेता येईल असे नाही. दखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्यात, खटला राज्य चालवते. फसवणुकीच्या गुन्ह्यात न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते, परंतु बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्याला ती सवलत नाही, आणि मग दोघांचे मनोमीलन झाले तरी गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. ‘थोडा धाक बसावा’ एवढ्यासाठी तक्रार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्कम मोठी असेल, सही खोटी असेल किंवा असे दुसऱ्यांदा घडले असेल, तर मात्र तक्रार टाळण्यात आपलेच नुकसान आहे.

१ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहिता लागू होते. फसवणुकीसाठी कलम ३१८, दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेल्या फसवणुकीसाठी कलम ३१९, बनावट दस्तऐवज तयार करण्यासाठी कलम ३३६ आणि तो खरा म्हणून वापरण्यासाठी कलम ३४० ही कलमे साधारणपणे लागतात. फसवून रक्कम मिळवली असेल किंवा फसवणुकीच्या हेतूने दस्तऐवज बनवला असेल, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्यापूर्वीच्या कृत्यांसाठी जुन्या भारतीय दंड संहितेची ४२०, ४६८ आणि ४७१ ही कलमे अजूनही लागू होतात. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६सी खाली वेगळा गुन्हा आहे, आणि त्यात पती-पत्नींना सूट दिलेली नाही. ऑनलाइन प्रकारात १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर जितक्या लवकर कळवावे तितके चांगले, कारण वळवलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

‘नवरा-बायकोचे भांडण आहे, घरी जाऊन मिटवा’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. वैवाहिक आणि आर्थिक स्वरूपाच्या तक्रारींत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच म्हटले आहे, त्यामुळे चौकशी सुरू झाली म्हणजे नकार मिळाला असे समजू नये. पण तक्रार घ्यायलाच नकार दिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करावा. विवाहाने एकाची मालमत्ता दुसऱ्याची होत नाही आणि पत्नीच्या स्त्रीधनाचा अपहार करणाऱ्या पतीवर फौजदारी खटला चालू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या निकालात स्पष्ट केले आहे. अर्जात त्याचा आधार घेता येतो.

पुराव्याबद्दल दोन गोष्टी. जोडीदाराने संदेशातून किंवा फोनवर दिलेली कबुली वापरता येते का, असे सर्रास विचारले जाते. विवाहकाळातील परस्परांमधील संवाद उघड करण्यावर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२८ चे बंधन आहे, पण दोघांमधील दाव्यात किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याच्या खटल्यात ते बंधन लागू होत नाही. जोडीदाराच्या नकळत केलेले ध्वनिमुद्रण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. संदेशांची केवळ छायाचित्रे न ठेवता मूळ फोन जपावा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत त्याच अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र द्यावे लागते. दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल : या काळात आपली सही बदलू नये, आणि वादग्रस्त तारखेच्या आसपास केलेल्या खऱ्या सह्या शोधून ठेवाव्यात. जुने धनादेश, नोकरीतील अर्ज, विम्याची कागदपत्रे यांतल्या त्या सह्या हस्ताक्षरतज्ज्ञाला उपयोगी पडतात.

दिवाणी मार्ग आणि तारण ठेवलेले घर

बँक ऐकत नसेल, तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ खाली हा करार आपल्यावर बंधनकारक नाही असे घोषित करून मागण्याचा, बनावट दस्तऐवज रद्द करण्याचा आणि वसुलीला मनाई मिळवण्याचा दावा दिवाणी न्यायालयात करता येतो. त्यात बँक आणि जोडीदार दोघांनाही प्रतिवादी करावे. दावा लांबतो, यात शंका नाही. पण अंतरिम मनाई मिळाली तर दरम्यानचा त्रास थांबतो.

घर किंवा जमीन परस्पर तारण ठेवली असेल, तर वाट निराळी आहे आणि मुदती कडक आहेत. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी अधिनियमाच्या कलम १३(२) ची नोटीस आली की ६० दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवावी. बँकेने तिला १५ दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पुढे बँकेने ताबा घेण्याचे पाऊल उचललेच, तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते. न्यायाधिकरणाच्या कक्षेतील बाबींत दिवाणी न्यायालयाला मनाई देता येत नाही, त्यामुळे चुकीच्या दारात वेळ घालवू नये. तुमच्या धनादेश पुस्तिकेतले पान खोट्या सहीने दिले गेले आणि ते न वटता परत आले, तर येणाऱ्या नोटिशीला १५ दिवसांच्या आत, सही आपली नसल्याचे सांगणारे उत्तर वकिलामार्फत द्यावे. गप्प राहणे हा इथला सर्वांत महागडा पर्याय आहे.

स्त्रियांना आणखी एक मार्ग खुला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये आर्थिक छळ हा हिंसाचाराचाच प्रकार मानला आहे. कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून पतीने बँक खाती हाताळू नयेत असा संरक्षण आदेश, झालेल्या आर्थिक नुकसानीची रक्कम आणि वेगळी भरपाई मागता येते, आणि संरक्षण आदेश मोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पुरुषांना हा कायदा उपलब्ध नाही. त्यांना वर सांगितलेल्या फौजदारी आणि दिवाणी मार्गांवरच अवलंबून राहावे लागते. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळण्याचा हक्क सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता आहे; १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक.

घटस्फोटाच्या कागदात हे कर्ज

अशी फसवणूक मानसिक क्रूरता ठरू शकते आणि हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ खाली ती घटस्फोटाचे कारण म्हणून मांडता येते. पण माझ्या मते जास्त धोका परस्पर संमतीच्या घटस्फोटात असतो, कारण तिथे सगळे सलोख्याने चालले आहे या भावनेत कागद ढिले लिहिले जातात. ‘सदर कर्ज पती फेडेल’ असे वाक्य संमतीच्या अटींत घातले जाते, हुकूमनामा होतो, आणि वर्षभराने बँकेची नोटीस पुन्हा पत्नीच्याच दारात येते. बँक त्या अटींची पक्षकार नसते, म्हणून त्या तिच्यावर बंधनकारक नसतात. कर्जदार बदलायचा तर करार अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे बँकेचीही संमती लागते.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. जोडीदाराने कर्ज आधी फेडावे किंवा बँकेच्या लेखी संमतीने स्वतःच्या नावावर घ्यावे, बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला मिळावा, आणि मगच अंतिम संमती नोंदवावी. ते शक्य नसेल, तर तेवढ्या रकमेची मुदत ठेव किंवा अन्य तारण न्यायालयात जमा करून घेण्याची अट घालावी, आणि बँकेने तुमच्याकडून वसुली केल्यास ती रक्कम व्याजासह परत मिळेल असे कलम स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. दाखला मिळाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी चारही क्रेडिट अहवाल पुन्हा काढून पाहावेत, कारण ‘तडजोडीने बंद’ अशी नोंद राहिली असेल तर पुढच्या कर्जाला तीही आड येते, आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी बँकेचा तो दाखला हाताशी लागतो.